पोरीचं लग्न आणि आमचा क्वार्टरबॅक

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाला, ब्लडप्रेशर उतरवायचं असेल तर मनात येईल ते लिहून काढा, लोकांना ऐकवू नका. माझ्या मनात वाईट असं काही येत नाही, पण डॉक्टरचं मन कशाला मोडा.

संकल्प. एक, यंदा टीव्हीवर ओरडायचं नाही. दोन, इंटरनेटवर कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. तीन, कॅलीच्या लग्नात जातीने लक्ष घालायचं.

कॅली आमची एकुलती एक. तिने लग्नाची तारीख काढली होती १८ ऑक्टोबर. म्हणजे शनिवार, आणि तोही कॅरोवेमध्ये आमच्या कॉलेजची फुटबॉल मॅच असलेला शनिवार. अलाबामात जन्मलेल्या मुलीने हे करावं! इथे ऑक्टोबरच्या शनिवारी शहाणा माणूस मरतसुद्धा नाही. माझे एक काका ९४ साली मेले होते, लोक अजून नावं ठेवतात. मी मुळीच चिडलो नाही. एवढंच म्हणालो, की सकाळी अकराच्या आत उरकणार असेल आणि पाद्री भरभर बोलणारा असेल, तर मी येईन. तिने तारीख हलवून १० जानेवारी केली. समजूतदार आहे, माझ्यावर गेली आहे.

लग्नात मला काम एकच. चर्चच्या दारापासून पाद्रीपर्यंत मुलीला हाताला धरून न्यायचं आणि नवऱ्याच्या हवाली करायचं. हे काम बापाशिवाय दुसऱ्या कुणाचं नाही.

१९ ऑगस्ट

आज मार्केलबरोबर नाश्ता! मार्केल रफिन, आमचा नवा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा. वय एकवीस, हे त्याचं तिसरं कॉलेज. आता कॉलेजच्या खेळाडूंना उघड पैसे देता येतात, म्हणून पाठीराखा मंडळ वर्गणी गोळा करतं. सोनेरी वर्गणीदाराला एका खेळाडूबरोबर नाश्ता. मी सोनेरी झालो.

पैसे कॅलीच्या लग्नातल्या वाद्यवृंदाचे होते. माझा मित्र डब लेडबेटर, त्याच्याकडे दोन मोठे स्पीकर आहेत. गाणी तीच वाजणार.

मार्केलने सहा बिस्किटं, आमच्याकडचे जाड मऊ पाव, ग्रेव्हीत बुडवून खाल्ली. प्रत्येक वाक्याला ‘येस सर’. मला मिस्टर ओडेल म्हणाला. धंदा काय, असं त्याने आपणहून विचारलं. मी सेप्टिक टँक उपसतो म्हटल्यावर सांगू लागला, की त्याच्या आजीची टाकी एकदा ईस्टरच्या दिवशी भरून वाहिली होती. मी पाऊण तास टाक्यांबद्दल बोललो, पोरगं ऐकत होतं. सख्ख्या मुलीने सत्तावीस वर्षांत कधी विचारलं नाही. त्याला बापाची माया हवी आहे, हे मी डोळ्यांवरून ओळखलं. मधूनमधून घड्याळ बघत होता तेवढंच.

६ सप्टेंबर

जिंकलो. मार्केलचे चार टचडाउन. टीव्हीवर ओरडलो, पण ते आनंदाने, तेव्हा मोजायचं नाही.

भारी कल्पना सुचली. मंडळाच्या ॲपवर पैसे भरून खेळाडूला समारंभासाठी बोलावता येतं. कॅलीच्या लग्नाला मार्केल! दोन तास. तिला सांगायचं नाही, सरप्राइज. फॉर्मवर चौकोन होते, मी भराभर खुणा केल्या: ‘अर्धा तास आधी हजर राहणे’, ‘टीमची जर्सी घालणे सक्तीचे’. पैसे परत मिळणार नाहीत, असं तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. असलंच पक्कं हवं.

२७ सप्टेंबर

चारपैकी चार. आता प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, कुठे जात नाही. सेमीफायनल ८ आणि ९ जानेवारीला आहे, म्हणजे १० तारखेला मी परतीच्या रस्त्यावर असणार. कॅलीला फोन करून लग्न फेब्रुवारीत ढकलायला सांगितलं. मध्येच लाइन कट झाली. तिकडे नेटवर्क खराब आहे.

होणारा जावई अँडर्स मिनेसोटाचा. टीममध्ये किती जण असतात, असं मला विचारत होता. मुलगा तसा चांगला आहे, पण पोरीने काय पाहिलं कळत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ७.

हरलो. मार्केलने चेंडू तीनदा समोरच्यांच्या हातात दिला.

मंडळाच्या पानावर थोडं लिहिलं. स्वतःच्या नावाने नव्हे, ‘सच्चा हिरवा ६७’ या नावाने (हिरवा आमच्या टीमचा रंग), म्हणजे संकल्प मोडला असं होत नाही. शिव्या दिल्याच नाहीत. एवढंच म्हटलं, की हा खाल्ल्या पैशाला जागत नाही, ह्याला माझ्या टँकरवर नळी धरायला पाठवा, आणि तिथेही हा घसरून आत पडेल. नऊशे लोकांनी लाइक केलं. इतके लोक माझ्याशी आजवर कधी सहमत झाले नव्हते.

खाली त्याच्या आईने लिहिलं, की त्याचा अंगठा मोडलाय, तो रात्रभर बर्फात हात घालून बसतो. मी उत्तर दिलं, पैसे घेताना अंगठ्याचं कुणी बोललं नव्हतं बाई. बाराशे लाइक.

बायको, नेल्डा, पलीकडून वाचत होती. बशी उचलून आत गेली. नंतर म्हणाली, आज कॅलीचं लग्न झालं असतं. मी म्हटलं, बरं झालं नाही झालं, अशा मॅचच्या दिवशी मूड कोणाचा असतो.

२९ नोव्हेंबर

टॅलाडीन कॉलेजकडून हरलो. जांभळ्यांकडून!

जांभळ्या रंगाच्या माणसाबरोबर एका छपराखाली उभं राहायचं नाही, हा माझा १९८९पासूनचा नियम. ह्यापायी मी दातांचा डॉक्टर बदलला. नवा डॉक्टर वाईट आहे, डावीकडची दाढ त्यानेच घालवली, पण भिंती हिरव्या आहेत.

प्लेऑफ गेलं. म्हणजे १० जानेवारीला मी मोकळा. कॅलीला ही आनंदाची बातमी फोन करून दिली.

१६ डिसेंबर

मार्केल जाणार अशी आवई. कॉलेज बदलायचं असलेली पोरं पोर्टल नावाच्या यादीत नाव घालतात, तिथे जो जास्त देईल तो घेऊन जातो. ह्याचं नाव दोन तारखेला येणार म्हणे. शक्यच नाही. मी ॲपवरून लिहिलं, बेटा, हे तुझं घर आहे. लगेच उत्तर आलं: ‘तुमच्या पाठिंब्याबद्दल आभार!’ आणि पुढे हिरवा बदाम. नेल्डाला दाखवला. डब म्हणतो, ते यंत्र पाठवतं, त्यालाही आलाय. डब जळतो.

आजकाल निष्ठा म्हणून राहिली नाही, असं मी त्याला म्हटलं, तर ह्याने ९८ साल काढलं. म्हणे तू धाकट्या काकाच्या कंपनीतून एका रात्रीत चाळीस गिऱ्हाइकं घेऊन निघालास, त्याचं काय. अरे, तो धंदा होता. मला घर चालवायचं होतं.

२ जानेवारी. सकाळी ८.०५.

गेला. यादीत नाव आहे.

७ जानेवारी

टॅलाडीन! डोक्यावर जांभळी टोपी घालून हसतोय. आईलाही जांभळी शाल. ‘सच्चा हिरवा ६७’ने जे लिहिलं ते मंडळाने काढून टाकलं आणि मला महिनाभर बंदी घातली. वर्गणी मात्र चालू आहे.

लग्नाचं बुकिंग आठवलं. ॲपवर रद्द करायला गेलो, तर पैसे परत मिळणार नाहीत म्हणे. मग राहू दे. तो कशाला येतोय? त्याला तोंड आहे कुठे? नेल्डाला काही सांगितलं नाही, उगाच तिच्या डोक्याला ताप.

९ जानेवारी, शुक्रवार

चर्चमध्ये रंगीत तालीम. दारापासून पाद्रीपर्यंत बावीस पावलं. कॅलीचा हात माझ्या कोपरात होता. लहानपणी ताप आला की असाच धरायची. शेवटच्या बाकापाशी थांबून ती हळूच म्हणाली, “डॅडी, उद्या फक्त एवढं कर. बाकी मला काही नको.”

मी तिचा हात थोपटला. उद्या मी कमाल करणार आहे. नवा करडा कोट इस्त्री करून टांगला आहे.

१० जानेवारी, शनिवार. दुपारी २.२५. ट्रकमध्ये.

झालं ते सविस्तर लिहून ठेवतो, पुढे कुणी उलटं सांगायला नको.

लग्न दोनचं. दीडला मी चर्चच्या ओसरीत आलो, तर मार्केल रफिन तिथे उभा. जांभळ्या जर्सीत. बगलेत भेटीच्या कागदात गुंडाळलेलं वॉफलचं यंत्र. मला बघून म्हणाला, मिस्टर ओडेल, अभिनंदन सर, मी कुठे उभा राहू? मी जर्सीकडे बोट केलं. त्याने फोन काढून माझाच फॉर्म दाखवला. टीमची जर्सी घालणे सक्तीचे, खूण केलेली. म्हणाला, कराराप्रमाणे घातली सर, आता माझी टीम हीच. बाहेर थांबू का, असंही त्याने विचारलं. पण प्रश्न तत्त्वाचा होता.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हा ह्या छपराखाली असेपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही.

नेल्डा म्हणाली, “त्याला दोन तासांचे पैसे दिलेत, ओडेल. तू फुकट आला आहेस. तुझं तू ठरव.”

कॅली आतल्या खोलीतून बाहेर आली. पांढरा पोशाख, हातात फुलं. फार सुंदर दिसत होती. माझ्याकडे बघितलं, जर्सीकडे बघितलं, आणि म्हणाली, “डॅडी, आत्ता?”

एवढंच. समजावणं नाही, हातापाया पडणं नाही. मी कोट काढून खुर्चीवर फेकला आणि ट्रकमध्ये येऊन बसलो. काच दोन बोटं खाली ठेवली आहे, म्हणजे हाक मारली तर ऐकू यावी. मी हिशेब केला होता, दहा मिनिटांत येतील. बापाशिवाय सुरू कसं करणार?

रेडिओवर पोर्टलवर चर्चा चालू होती. २.०५ला ऑर्गन वाजला. सूर लावत असतील. २.१०ला सगळे उभे राहिल्याचा आवाज. पाय मोकळे करत असतील.

२.२०ला डबने काचेवर टकटक केली. मी घाई न करता टाय सारखा केला, थोडे आढेवेढे घ्यायचे ठरवले आणि काच उतरवली. त्याला स्पीकरची वायर हवी होती. मागे माझ्या टूलबॉक्समध्ये राहिली होती.

११ जानेवारी

डबकडून कळलं. मी बाहेर गेल्यावर कॅलीने दोन मिनिटं दाराकडे बघितलं. मग मार्केलला विचारलं, की सरळ रेषेत बावीस पावलं चालता येतं का. तो म्हणाला, येतं मॅम, पण तुमचे वडील? तिने हात पुढे केला. मग त्याने जर्सी काढली, उलटी घडी घालून पिशवीत ठेवली, आणि खुर्चीवरचा माझा कोट चढवला.

म्हणजे आत जांभळा रंग औषधालासुद्धा नव्हता! मला बाहेर येऊन कुणी सांगितलं असतं, तर मी लगेच गेलो असतो. सांगायचं काम कुणाचं होतं? डब म्हणतो, त्याला वाटलं नेल्डा सांगेल. नेल्डाला विचारलं, तर ती म्हणाली, मला आठवत होतं, तरी नाही सांगितलं.

मार्केल साडेतीन तास थांबला. अँडर्सच्या आजीबरोबर नाचला. जादा पैसे घेतले नाहीत, असं सगळे कौतुकाने सांगतात. पण माझा कोट पाठीत उसवलाय, त्याचं काय? ॲपवर तक्रार केली. एक तारा दिला. कारण विचारलं होतं, मी लिहिलं: निष्ठेचा अभाव.

नेल्डा बहिणीकडे गेली आहे, दोनचार दिवस. लग्नाची दगदग फार झाली तिला. फ्रीजमध्ये केक ठेवलाय असं वाटलं होतं, नाही ठेवलेला.

१३ जानेवारी

कॅलीला सहा फोन केले. नवी नवरी, बिझी असणार.

मार्केलने लग्नाचा फोटो टाकला आहे. कॅलीचा हात त्याच्या कोपरात, माझा कोट, मागे हिरवी फुलं. हिरवी फुलं तिने माझ्यासाठी मागवली होती, हे मला आज फोटोत दिसलं. ऐंशी हजार लाइक. खाली टॅलाडीनच्या कुणा बाईने विचारलंय, किती गोड, पण नवरीचे वडील वारले का?

कॅलीने स्वतः उत्तर दिलंय. लिहिलंय, “नाही, त्यांची मॅच होती.”

मॅच कुठली? आमचा सीझन नोव्हेंबरातच संपला. सत्तावीस वर्षं माझ्या घरात काढली, पण पोरीला फुटबॉलमधलं अजून काडीचं कळत नाही.