उशिरा वाजलेली टाळी

शनिवार, तालमीहून आल्यावर

सायलीची ती टाळी काही केल्या कानातून जात नाही.

दुपारी दिलसुखनगरच्या क्लासमध्ये उणे एकचं वर्गमूळ शिकवत होतो. "काल्पनिक संख्या म्हणजे खोटी संख्या नव्हे," असं म्हणालो, तर माझीच लेक सायली पहिल्या बेंचवरून विचारते, "मग खऱ्यात नि काल्पनिकात फरक काय, सर?" क्लासमध्ये ती मला सरच म्हणते. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो. पोरं हसली. "बस खाली," म्हणून खेकसलो. तेवढंच. नंतर विसरलो, असं मला वाटलं.

संध्याकाळी मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम. मी बाप, सायली मुलगी. थोबाडीत मारायचा प्रसंग. माझा हात तिच्या गालाच्या अलीकडे थांबतो, आणि प्रेक्षकांकडे पाठ करून उभी असलेली ती हळूच टाळी वाजवते. लोकांना वाटतं, बसली. महिनाभर हेच चाललंय.

आज हात थांबला नाही. थांबला नाही, की मी थांबवला नाही? सतरा वर्षांत तिला कधी बोट लावलं नव्हतं.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग टाळी वाजवली.

"क्या बात है, एकदम असली!" दिग्दर्शक जोशीकाका खूश झाले. "फक्त टाळी जरा लेट झाली, बेटा."

"हो काका," सायली म्हणाली, "माझंच चुकलं. उद्या वेळेवर वाजवते."