लाल पेन्सिलीच्या फुल्या

प्रिय ठमे,

हे फोनवर बोलायला मला जमलं नसतं. मी ओरडले असते, तू गप्प बसली असतीस. म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

शिलाईचं मशीन दुरुस्त झालं. मावशीचा गुडघा तसाच आहे, तोंडही तसंच. परवा मशीनचा खण आवरताना तुझी नोकरीच्या परीक्षेच्या वेळची वही सापडली, इंग्रजी शब्दांच्या जोड्यांची. पहिल्या दोन शब्दांचं जे नातं, तेच तिसऱ्याचं कोणाशी, ते शोधून लिहायचं. तू जमिनीवर पालथी पडून लिहायचीस आणि मी पँटी आखूड करता करता तपासायचे. उत्तरांची पानं मीच पुस्तकातून फाडून खणात कुलपात ठेवली होती, तू चोरून बघशील म्हणून. चोर कोण होतं ते आता ऐक.

मी सातवी शिकले असं तुला सांगत आले. मी चौथीत शाळा सोडली. आमच्याकडे इंग्रजी पाचवीपासून होतं. पुस्तकातली छापील अक्षरं आणि तुझी जोडून काढलेली, मला एकसारखी दिसेचनात. दोन दिवस डोळे फोडले, मग कंटाळले. दारात गिऱ्हाईक, हातात कात्री आणि तू वही घेऊन उभी. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. जीभ झडली असती का माझी? त्याऐवजी मापं लिहायच्या लाल पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा करत सुटले. सगळंच बरोबर आलं तर तुला संशय येईल, म्हणून मधूनमधून फुल्या मारायचे. कुठेही.

एका फुलीवर तू अडून बसलीस, आठवतं? "आई, हे चूक कसं असेल?" मी खेकसले, पुस्तक खोटं बोलतं का, डोकं चालव. मग तू ते खोडून दुसरं लिहिलंस.

वही मी आपल्याकडे कपडे टाकणाऱ्या शिक्षिकाबाईंना दाखवली. बाई त्याच फुलीपाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. सुताराला लाकूड, तर शिंप्याला काय, असा प्रश्न होता. तू कापड लिहिलं होतंस. त्यावर शिंपिणीनं फुली मारली. तू खोडलेली उत्तरं धरली तर चाळीसातली पस्तीस बरोबर आहेत, बाई म्हणाल्या. मी मान खाली घालून त्यांच्या ब्लाउजची बटणं लावत बसले.

तू तीन मार्कांनी नापास झालीस तेव्हा तुझ्या डोक्यात भुसा भरलाय असं मी मावशीसमोर म्हणाले. मावशी हसली. महिन्याभरात तू तिकडे लांब, दुकानात बिलं करायला निघून गेलीस. परवा मी फोनवर म्हटलं की त्या परीक्षेचे फॉर्म पुन्हा निघालेत, तर तू म्हणालीस, "ते माझ्या डोक्याचं काम नाही." माझंच बोलणं, घडी घालून परत दिलंस.

तुझ्या डोक्याला काहीही झालेलं नाही, ठमे. फॉर्म भर. अजून तीन आठवडे आहेत. तपासायला वही बाईंकडे पाठव, त्या हो म्हणाल्यात. मला दाखवू नकोस. उत्तरांची फाडलेली पानं या पाकिटात घातलीत, ती तुझ्याकडेच ठेव. आणि हे सगळं मी काल मावशीला सांगितलं, आपल्या दुकानात, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना. या वेळी ती हसली नाही.

तुझीच,
चौथी शिकलेली आई