मिक्सरची उंची

मंगळवार, २४ सप्टेंबर

मिक्सर घ्यायचा. ठरलं. राजारामपुरीतल्या दोन मिसळवाल्यांना दसऱ्यानंतर रोज ब्रेड हवाय. एवढा मैदा हाताने मळून व्हायचा नाही.

हंबीरमामा आमच्या बेकरीत बत्तीस वर्षं पीठ मळतात, मामंजींच्या वेळेपासून. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच. मी सातला पोचते तेव्हा पीठ ओल्या फडक्याखाली फुगलेलं असतं.

वाटलं, मशीन म्हटल्यावर चिडतील. म्हणाले, "आणा की. पर मला दावल्याबिगर न्हाय."

गुरुवार, २६ सप्टेंबर

शिरोलीला एकटीच गेले. म्हटलं, मामांना चकित करू. दोन मशीनं होती. एक उंच, भांडं माझ्या छातीपर्यंत. दुसरं बुटकं, जाडजूड.

दुकानदार विजयसिंह म्हणाले, "वैनी, उंचच घ्या. केक, क्रीम, ब्रेड, समदं हुतंय ह्यात."

मला मामांची कंबर आठवली. सहा फुटी माणूस, जन्मभर काठवटीवर वाकला. आता ताठ उभं राहून काम करतील. उंच सांगून आले. घरी येईपर्यंत स्वतःवरच खूश!

शुक्रवार, २७ सप्टेंबर

मामांना फोटो दाखवला.

"लई उंच हाय."

अहो, तुम्हीही उंचच आहात की — म्हटलं.

"न्हाय जमायचं. ते आणलासा तर मी येत न्हाय उद्यापासनं."

बत्तीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. माझं डोकंच फिरलं. राग काढला बाळाबाईवर. बाळाबाई मामांची बायको. दोन वर्षं झाली, पहाटे त्यांच्याबरोबरच येते, झाडलोट करते, ट्रे घासते. ट्रेच्या कोपऱ्यात तूप तसंच. म्हटलं, हात चालत नाही का तुमचा? ती पुन्हा घासायला बसली.

रविवार, २९ सप्टेंबर

मामा येतायत, पण बोलत नाहीत. मला जेवण जाईना. लोक आमचा ब्रेड घेतात तो त्यांच्या हातासाठी. तेच गेले तर मशीन घेऊन पुजू काय नुसतं? फार भीती वाटतेय, खरं सांगायचं तर.

मंगळवार, १ ऑक्टोबर

मामांना घेऊन शिरोलीला. त्यांनी खिशातून सुतळी काढली. एका टोकाला गाठ. दुसरं टोक पायाखाली धरून गाठ भांड्याच्या कडेपर्यंत नेली. उंच मशीनला नुसती मान हलवली. बुटक्याला गाठ बरोबर कडेवर आली.

"हे घ्या."

कसलं माप हो हे, मामा?

सुतळी खिशात घातली. म्हणाले, "दिवाळीत घरोघरचं पीठ येतंय, दोन-दोन किलो. त्या मोठ्या भांड्यात ते तळाला बसंल."

हे काही सुतळीचं उत्तर नव्हतं. पण खोटंही नव्हतं. दिवाळीला गल्लीतली प्रत्येक बाई आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन येते, आणि नानकटाईत तिला तिचंच तूप हवं असतं. दोघींचं एकत्र मळलं तर भांडण.

बुटकंच सांगितलं. विजयसिंह मामांना म्हणाले, "पावणं, वाकून वाकून कंबर मोडंल तुमची." मामा हसले. बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

काठवट, साचे, सुऱ्या पुजल्या. मशीन उद्या येणार. मामा चहाला थांबले. बरं वाटलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर — दसरा

मशीन बसलं. हार घातला, नारळ फोडला. मैदा, पाणी भांड्यात घातलं. म्हटलं, मामा, बटण तुम्ही दाबा.

मामा मागे सरले. "बाळे, ये की फुडं."

बाळाबाईंनी पदराला हात पुसले, बटण दाबलं. भांड्याची कड बरोबर त्यांच्या कोपराशी. थोड्या वेळाने मशीन थांबवलं, दोन बोटांनी पीठ चाचपलं. "पाणी कमी हाय."

मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझा खांदा दोन वर्सं झाली वर जात न्हाय, वैनी. पीठ हीच मळतीया. तुमी काम बंद करशीला म्हणून बोललो न्हाय."

दोन वर्षं त्याच हातांना मी ट्रेचे कोपरे दाखवत होते.