सायकलचा निळा चिमटा

पेण,
१४ जानेवारी २०२५

चि. मृणाली हिस अनेक आशीर्वाद.

इकडे आमचं ठीक चाललं आहे. तिकडे रोह्यात तू आणि तुझे आईवडील बरे असाल. आज संक्रांत, पण तिळगूळ पाठवत नाही, यंदा घरात केलेला नाही. वरचा मायना लिहिताना हात सवयीने 'चि. सौ.' लिहून गेला होता. तो कागद फाडला आणि हा दुसरा घेतला. फोनवर तू 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे जात नाहीस, आणि मलाही फोनवर कुणाला काही सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

कारखान्यात माघी गणपतींची घाई आहे. रंगाचं बरंचसं काम आता रघू करतो, पण डोळ्यांची आखणी अजून माझ्याकडेच आहे. चष्मा बदलला.

तुझ्याकडे एक काम आहे. जितेशच्या सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन बाजूंनी धरणारे ते पाय, त्याला पाच वर्षांची वॉरंटी आहे. सायकल घेऊन दोन वर्षंही झाली नाहीत. तू तुझ्या पगारातून त्याला घेतलीस, बिल तुझ्या नावावर. तुमच्या रोह्याचा दुकानदार धनेश म्हणतो, ज्याच्या नावावर बिल त्यानेच क्लेम करायचा. अर्ज सोबत ठेवला आहे. सही कर आणि बिलाबरोबर पाठवून दे. तुला वाटेल, आता या म्हाताऱ्याला सायकल नीट करून कुठे जायचं आहे. वाटू दे. सही तेवढी कर.

तुझी सासू बरी आहे. तुझा विषय निघाला की भांडी घासायला उठते, घासून झालेली असली तरी. तिचेही तुला आशीर्वाद आहेत, निदान पत्रात तसं लिहायची पद्धत आहे.

दिनानाथरावांना आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझे बाबा,
कमळाकर


पेण,
४ मार्च २०२५

चि. मृणाली हिस आशीर्वाद.

अर्ज आणि बिल मिळालं. आत एखादी चिठ्ठी असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. नव्हती. ठीक आहे.

कंपनीने क्लेम नाकारला. कारण वाचून धनेशला आधी हसू आलं, मग माझ्याकडे बघून त्याने ते आवरलं. कंपनीचं म्हणणं, फोटोत चिमटा अखंड दिसतो. यात कंपनीची काही चूक नाही. हे सगळं माझ्या हातचं आहे.

तू रोह्याला निघून गेल्यावर पोलिसांनी सायकल परत दिली. मी ती अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. दसऱ्याला तू घातलेली झेंडूची माळ हँडलला तशीच होती, सुकलेली. चिमट्याचा डावा पाय वर जोडाजवळ तुटून लोंबत होता. आमच्या धंद्यात मोडलेलं असं उघडं ठेवत नाहीत गं. गणपतीचा हात निखळला, सोंडेला चीर गेली, की गिऱ्हाइकाची नजर पडायच्या आत तो जोडायचा, चिरेत लांबीची लुगदी भरायची, घासायची आणि वरून रंग मारायचा. सगळा जन्म यात गेला. येताजाता तो लोंबणारा पाय दिसायचा. एका दुपारी मी तो जागेवर बसवला, लांबी भरली, ती वाळल्यावर पॉलिश पेपर मारला आणि सायकलचा निळा रंग जुळवून लावला. इतका जुळला की कुठे तुटलं होतं ते मलाच सापडेना. त्या दुपारी मला बरं वाटलं, मृणाली. पोराला जोडता येत नव्हतं, निदान हे जोडता आलं.

आता कंपनी म्हणते की तुटल्याचं दिसत नाही, आणि तुटलं असेल तर परस्पर दुरुस्त केलेल्या भागाला वॉरंटी नाही.

मागच्या पत्रात जे टाळलं ते लिहितो. मला चिमटा नको आहे. तेराव्याला पंगत बसायच्या आधी तुझी सासू सगळ्यांच्या देखत काय बोलली ते तुला लिहून दाखवायची गरज नाही, पण मी लिहितो, कारण त्यानंतर या घरात ते कुणी तोंडातून काढलेलं नाही. 'सकाळच्या पारी हिनं त्याचा डोका फिरवलान, म्हणून गेला माझा पोर.' तू बॅग उचललीस आणि गेलीस. मी पाटावर बसून होतो.

त्या सकाळी तुमचं वाजलं होतं, रोह्याला बिऱ्हाड करायचं की नाही यावरून. तो चहा न घेता निघाला. वडखळच्या पुढे, गडबच्या अलीकडे पडला. एवढं खरं. पण आधी काय झालं? तो रागारागाने सायकल हाणत होता, पडला आणि मग चिमटा तुटला, की चिमटा तुटला म्हणून तो पडला? पोलिसांनी 'तोल जाऊन' एवढं लिहून हात झटकले. कंपनीने क्लेम मान्य केला तर तिला सांगावं लागेल की खोट मालात होती. तेवढं एक वाक्य मला तुझ्या सासूपुढे ठेवायचं आहे. आणि जिथे ते दिसलं असतं तिथे मीच लांबी भरून ठेवली.

मी पुन्हा अर्ज केला आहे. धनेशने कंपनीला विनंती केली की तुमचं माणूस पाठवा, त्याने स्वतः लांबी काढून आत बघावं. तोवर मी चिमट्याला हात लावणार नाही. भीती वाटते. आतून सगळं ताजं तुटलेलं, म्हणजे पडल्यावर मोडलेलं, निघालं तर तुझ्या सासूचा शब्द खरा ठरेल, आणि तो मीच तुझ्या दारात आणून टाकला असं होईल. तू नको म्हणालीस तर थांबतो. एक शब्द कळव.

सासूचं या वेळी काही लिहीत नाही.

बाबा


पेण,
९ मे २०२५

चि. मृणाली,

तू थांबवलं नाहीस. मी त्याचा अर्थ हो असा घेतला.

गेल्या महिन्यात रोह्याला येऊन गेलो. धनेशच्या दुकानात कंपनीची मुलगी आली होती, इंजिनीअर, समीक्षा नावाची, तुझ्याच वयाची. खरवडायला काही आहे का म्हणाली. मी माझी कोरणी दिली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागे लांबी खरवडल्याचा आवाज येत होता. कोरडी लांबी सुटताना कशी वाजते ते मला पाठ आहे, तरी त्या दिवशी ऐकवेना.

"काका, इकडे बघा," ती म्हणाली.

तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चकचकीत होता, ताजा. उरलेल्या अर्ध्यात निळा रंग होता. आतमध्ये, पार खोलवर उतरलेला.

"हा रंग तुम्ही लावलात?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "माझा रंग लांबीच्या वर आहे. तो तुम्ही आत्ता काढलात."

ती बराच वेळ बघत राहिली. "मग हा आमचाच. रंग मारायच्या आधीच इथे चीर होती. ती वाढत गेली आणि चालवताना पाय सुटला." थोड्या वेळाने विचारलं, "कोण चालवत होतं?" मी सांगितलं. तिने कोरणी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली.

परवा कंपनीचं पत्र आलं. जोडात मुळातच दोष होता, क्लेम मान्य. त्याची प्रत सोबत आहे. जपून ठेव किंवा फाडून टाक, पण आधी वाच. जुना चिमटा नियमाप्रमाणे त्यांना द्यावा लागला. मी तो पुन्हा जोडला नाही, उघडाच दिला. नवा धनेशच्या दुकानात तुझ्या नावाने ठेवला आहे, खोका फोडलेला नाही. त्याचं काय करायचं ते तू ठरव.

त्या दिवशी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. गॅलरीत तुझा पिवळा कुर्ता वाळत होता. तिथूनच परत फिरलो. तेराव्याला मी गप्प बसलो, आता कुठल्या तोंडाने बेल वाजवायची?

पत्र आलं तेव्हा तुझी सासू पोह्याचे पापड लाटत होती. मी समोर बसून वाचून दाखवलं. तिने लाटणं थांबवलं नाही. एक पापड फाटला, तो गोळा करून पुन्हा लाटायला घेतला.

"म्हंजे रागात नव्हता तो?" तिने विचारलं.

"रागात असेल," मी म्हटलं. "पण रागानं पडला नाय."

त्या रात्री ती जेवली नाही. आज सकाळी कारखान्यात आली. ती इथे पाऊल टाकत नाही, तुला ठाऊक आहे, रंगाच्या वासाने तिचं डोकं धरतं. रघूला बाहेर पाठवलंन आणि माझ्यासमोर खाली बसली.

"तिला लिवा," म्हणाली. "तेराव्याला जी मानसा होती ती वर्षश्राद्धाला परत येतील. त्यांच्या म्होरं बोलले, तर त्यांच्या म्होरंच परत घेईन. ती येवो नायतर न येवो. मी घेईन."

वर्षश्राद्ध दसरा-दिवाळीच्या मध्ये येतं. ये असं मी म्हणत नाही. नाही आलीस तरी ती बोलेल, आणि या वेळी मी पाटावरून उठून तिच्या बाजूला उभा राहीन.

हे पत्र मी तिच्यासमोरच लिहितो आहे. शेवटी नेहमीसारखे तिचे आशीर्वाद लिहायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं. "आशीर्वाद नका लिवू. द्यायचा तोंड नाय माझा. नमस्कार लिवा." मी म्हटलं, अगं, सासू कधी सुनेला नमस्कार लिहिते का? "लिवा," म्हणाली. हात सोडला नाही.

तुझ्या सासूचा तुला नमस्कार.

बाबा