कुकरवरचं नाव

गणेशपुरी
८ जानेवारी २००६

ती. केसरीनाथमामास,
पूर्वीचा शि. सा. न. वि. वि.

मामा, परवा तू फोन केलास आणि तुझ्या जावयानं, धनेशनं, हूं हूं करून ठेवून दिला, म्हणून रागावू नकोस. माझ्या कानाला फोन लावून काही उपयोग नाही. उजवा कान गेलाच. डाव्यात कोणी तोंड घालून ओरडलं तर चार शब्द पोचतात. म्हणून आता आपलं पत्रच. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लाव चष्मा आणि लिही.

एक गोष्ट डॉक्टरांनाही नीट सांगता आली नाही. कुकर फुटला त्या सकाळी शिट्टी झालीच नव्हती. मी वाट बघत होते आणि झाकणच उडालं. आता ती शिट्टी माझ्या कानात सारखी वाजते. जेवताना, देवळात, रुचिकाला न्हाऊ घालताना. उठून गॅस बंद करायला जाते तर शेगडी थंडगार. लेक रडतेय हे मला तिच्या तोंडावरून कळतं. भीती वाटते मामा.

ठाण्याच्या ग्राहक मंचात कंपनीचं उत्तर आलं. म्हणे कुकर आमचा नाहीच, बिल दाखवा. आणि असला आमचा, तरी फुटला तो बाईच्या निष्काळजीपणानं. सासूबाईंनी नेमका तेवढाच शब्द उचललाय. भरपाई मिळो न मिळो, तो शब्द माझ्यावरून निघायला हवा. कुकर तुझा आहेर. कुठून आणलास एवढं मंचात येऊन सांग.

मामीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी पूर्वी


वडपे
१९ जानेवारी २००६

चि. सौ. पूर्वीस,
केसरीनाथचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामी रडली, मी आपला ओट्यावर जाऊन बसलो. वज्रेश्वरीच्या कुंडावर जाऊन ये, गरम पाण्यानं आराम पडंल असं मामी म्हणते. तिला काय, गुडघ्यापासून कानापर्यंत सगळ्याला कुंडच हाय.

कुकराचं खरं सांगतो, तुझ्यापाशीच ठेव. आपल्या जागेतलं गोदाम त्याच कंपनीकडं भाड्यानं हाय. तुझ्या हळदीच्या आधी त्यांचा मॅनेजर आला, म्हणाला भाचीचं लगीन ना, हा आमच्याकडून घ्या. खोका सीलबंद, आत नवाकोरा कुकर. मी भिवंडीच्या बाजारात नेऊन त्यावर नाव घातलं. मामाचा आहेर बिननावाचा कोण देतो? यात माझा काय दोष, तूच सांग.

पण मला मंचात उभा करू नको. आपल्या पोराची, भावेशची, ड्युटी त्याच गोदामात हाय, आता कुठं सुपरवायझर झालाय. मी तोंड उघडलं तर तो घरी बसंल आणि गोदाम रिकामं पडंल. कंपनीशी भांडून आपल्यातला कोण जिंकलाय? कुकर भंगारात दे आणि विसर. वाईट वाटंल तुला, पण समजून घे.

जावईबापूंना रामराम. मामावरचा जीव काढू नको.

तुझा मामा


गणेशपुरी
५ फेब्रुवारी २००६

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतकी चिडले की उत्तरच द्यायचं नव्हतं. विसर म्हणतोस. कानात शिट्टी घेऊन कसं विसरतात ते एकदा येऊन शिकव.

मंचात न्यायचा म्हणून कुकर माळ्यावरून काढला. फडक्यानं धूळ पुसली आणि उन्हात धरला. तू घातलेलं नाव आहेच, मामाकडून चि. सौ. कां. पूर्वीस. त्याच्या खाली आणखी टिंबं दिसली, घासून पुसट केलेली. भांडं तिरपं केलं तेव्हा वाचता आली. शांताबाई लडकू, अंबाडी. मी कोणाच्या भांड्यात भात लावत होते मामा?

धनेशला घेऊन एसटीनं अंबाडीला गेले. विचारत विचारत लडकूभाऊंचं घर सापडलं. शांताबाई भिंतीवर फोटोत आहेत. त्यांच्याही कुकरचं झाकण उडालं होतं, छताला पडलेली खोक अजून तशीच आहे. बाई भाजली ती इस्पितळातून परत आली नाही. दुकानदार तो कुकर घेऊन गेला, कंपनीच्या वडप्याच्या गोदामात जमा केला, तिथून बदली दुसरा आणून दिला, आणि प्रकरण तिथंच मिटलं. लडकूभाऊ सांगत होते आणि धनेश माझ्या कानात एकेक वाक्य ओरडत होता. एका वाक्याला तो अडला. मग म्हणाला, शिट्टी झालीच नव्हती म्हणतात.

खोका सीलबंद होता खरा, पण तो सील तुझ्याच जागेत झाला. गोदामामागच्या शेडमध्ये काय चालतं ते एकदा बघून ये. नाही बघवलं तर तसं कळव. मी पुन्हा विचारणार नाही.

रागावले तरी तुझीच,
पूर्वी


वडपे
१४ फेब्रुवारी २००६

चि. सौ. पूर्वीस,
अनेक आशीर्वाद.

शेडमध्ये पॉलिशचं चाक फिरतं ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी कानावर येतं. मला वाटायचं, वाटेत लागलेले डाग काढत असतील.

काल चहा घेऊन गेलो. कारागीर प्यायला बाहेर बसले तवर मी एक कुकर उचलून दाराच्या उजेडात तिरका धरला. नाव होतं. दुसरा धरला, त्यावर पण. एका कोपऱ्यात वाकलेली झाकणं, ती ठोकून सरळ करतात. शेजारी नवे खोके. मामी शोधत आली तवर मी तिथंच बसून बायकांची नावं वाचत होतो. कुठल्या कुठल्या गावच्या लेकीसुना, कोण हाय कोण न्हाय, काय कळतंय? मॅनेजरला विचारलं तर हसला. म्हणाला, भांड्याला काय होतंय, घासलं की नवं.

भावेशला सांगितलं. खूप बोलला मला, ताटावरून उठून गेला. बोलू दे. तारखेला मी ठाण्याला येतो, वकिलाला कळव. आता चाक सुरू झालं की मामी खिडकी लावून घेते, तरी मला ऐकू येतं.

नातीला पापा. मामाला पदरात घे.

केसरीनाथ


गणेशपुरी
१२ ऑगस्ट २००७

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तू मंचात काय बोललास ते मला शेवटपर्यंत ऐकू आलं नाही. तू कुकर खिडकीशी नेऊन तिरका धरलास, मंचाचे साहेब खुर्चीतून उठून बघायला आले, एवढं दिसलं. काल निकाल लागला. धनेशनं माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं, निष्काळजीपणा नाही. मी तिथंच रडले. घरी आल्यावर सासूबाईंनी स्वतः चहा करून दिला. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ.

तुझं गोदाम गेलं, भावेश अजून अबोला धरून आहे, ते मला डाचतं. राखी घेऊन मीच येते. बघू किती दिवस तोंड फिरवतो.

येताना लडकूभाऊंना निकाल सांगायला अंबाडीला उतरलो. ते भात लावत होते, कंपनीनं बदली दिलेल्या कुकरात. शांताबाई गेल्यापासून रोज त्यातच लावतात. मला काय झालं कोण जाणे, मी गॅस बंद करायला लावला. निवल्यावर कुकर दारात आणला आणि धनेशला बॅटरी तिरपी मारायला सांगितली. जानकीबाई, एवढंच वाचता आलं. गाव घासलं गेलंय. लडकूभाऊ म्हणाले, हा आता घरात नको.

तो कुकर मी घरी आणलाय. कानातली शिट्टी काल निकालानंतर थांबेल असं वाटलं होतं, नाही थांबली. मामा, जानकीबाईंच्या घरीही कंपनीनं बदली कुकर दिला असेल ना. तो आज कोणाच्या शेगडीवर असेल?

लगेच लिही. लोभ निवू देऊ नकोस.

तुझी पूर्वी