ड्रमातला काढा

३१ ऑक्टोबर १९९९, रविवार

वांगी लदली! धरली नाई — लदली! फांद्या जमिनीले टेकून राह्यल्या. मागच्या वर्षी याच मातीत काय होतं? कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ आणि मिरचीची मरतुकडी झाडं. आता या म्हणा पाहायले! युरियाचा दाणा नाई टाकला. फक्त माझा काढा.

'सईदाबाईचा काढा' — गल्लीवाल्यांनी चिडवायले नाव ठेवलं. मले आवडलं. रेडिओवर अर्धवट ऐकलं होतं, बाकी माझं डोकं. जुनं, काळं, भुसभुशीत शेणखत पोत्यात बांधायचं, विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या ड्रमात सोडायचं, थोडासा गूळ टाकायचा आणि दिवसभर येता-जाता काठीनं ढवळायचं. वर नुसतं फडकं. हवा खेळली पाहिजे, नाई तर सडते. दोन-तीन दिवसांत फेस येते, आणि वास कसा — नांगरलेल्या वावरासारखा. मग त्यात आणखी पाणी घालून झाडांच्या मुळाशी ओतायचा. मी पानांवर पण शिंपडते.

आमचे नूर मोहम्मद साहेब सायकलच्या दुकानातून आले, म्हणे, "पंक्चर काढणं सोडतो आता, तुझा काढाच विकतो." हसा! भरली वांगी मात्र दोनदा मागून खाल्ली.

३ नोव्हेंबर

शेजारची बायनाबाई कुंपणावरून ओरडली, "सईदाबाई! माह्या मिरच्या पाहा वं! तुमच्या काढ्यानं पागल झाल्या!" काढा माझा, पण शेण तिच्या गाईचं. तसं तिले म्हटलं पण. तर म्हणते, "शेन तं साऱ्या भद्रावतीत पडून आहे. हात पाहिजे, हात!"

दिवसभर तेच कानात. हात पाहिजे, हात!

६ नोव्हेंबर

उमेरासाठी नागपूरचा रिश्ता आला. मुलाचं नाव रईस, फ्रीज दुरुस्तीचं स्वतःचं दुकान. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, चकाचक फरशी. पुढच्या रविवारी पाहायले येतात. हे तर हवेतच आहेत. पोरगी एकोणीसची झाली, बारावी झाली, शिवण येते — आणखी काय पाहिजे?

मले पण बरं वाटलं. थोडं कसंसंही झालं, खोटं काऊन लिहू. घर काय, आंगण काय, सारं ती आणि मीच तर करतो.

उमेराले सांगतलं. ती काठी घेऊन काढा ढवळत बसली. लाजली असेल.

१० नोव्हेंबर

भांडण झालं! हे म्हणतात, पाहुण्यांच्या नजरेले पडू नये, ड्रम मोरीमागं सरकव. काऊन? माझा ड्रम काय चोरीचा माल आहे? म्हणतात, "मोठे लोक आहेत सईदा, शेणाचं पाणी पाहून काय म्हणतील?" मी म्हटलं, त्याच पाण्याची वांगी ताटात वाढीन तेव्हा बोटं चाटतील तुमचे मोठे लोक!

उद्या नवा काढा घालते. रविवारी बरोबर फेसावर आला पाहिजे. स्वतः झाकण काढून दाखवीन. ज्या घरात पोरगी मागायले आले, त्या घराले काय येते ते पाहून जाऊ दे.

१३ नोव्हेंबर

कबाबाचा मसाला झाला. दुधीचा हलवा झाला. चादरी बदलल्या. कंबर मोडली. काढा कालपासूनच उमेरावर सोडला. "ढवळते अम्मी, तू नको पाहू तिकडं," म्हणाली. गुणाची आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार

हे अल्ला.

लिहू की नको लिहू. लिहितेच.

आले, बसले, चांगलं बोलले. उमेरानं सलाम केला. जेवण झालं. मुलाच्या अम्मीनं वांगं दुसऱ्यांदा घेतलं आणि म्हणाली, "बैंगन बाज़ार के नहीं लगते." झालं! मले काय, तेवढंच पाहिजे होतं. म्हटलं, चला, दाखवते. हे मागून डोळे मोठे करून राह्यले, मी पाह्यलंच नाई त्यांच्याकडं.

आंगणात नेलं सगळ्यांना. वांगी दाखवली, सांबार-कोथिंबीर दाखवली, पालक दाखवला. मग ड्रमाजवळ आली. वर आज फडकं नव्हतं, झाकण होतं. म्हटलं, पाहुण्यांसाठी पोरीनं नीटनेटकं केलं. एका हातानं झाकण उचललं — असं, ऐटीत!

काय ती घाण! सडकी अंडी, तुंबलेली नाली, सारं एकदम नाकात. मुलाच्या अम्मीनं ओढणी तोंडाले लावली. त्याचे अब्बा मागं सरकले ते सरळ पालकाच्या वाफ्यात. तो रईस तर खोकून खोकून लाल झाला. मी झाकण हातात घेऊन तशीच उभी, खुळ्यासारखी.

"ये... आप खाने की चीज़ों में डालते हैं?" मुलाची अम्मी म्हणाली. आणि तिचा हात आपोआप पोटावर गेला.

हलवा न खाता गेले. हे हलव्याच्या वाट्या गोळा करून आत ठेवत राह्यले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१५ नोव्हेंबर

बिघडलं कसं? पाणी विहिरीचंच. खत जुनं, चांगलं, मीच चाळलं. ढवळणं उमेरानं केलं, तिले विचारलं, तर म्हणते, केलं ना. मग राह्यलं काय? शेण! बायनाबाईच्या गाईनं हिंडता-हिंडता काय खाल्लं असेल कोण जाणे, तेच खतात आलं.

गेली तिच्या दारात. म्हटलं, तुमच्या गाईनं माझ्या पोरीचा घात केला! ती भडकली. "माह्या मुक्या गाईले नाव ठेवतं? तुह्या हातानं बिघडलं म्हन ना! लय मिरवत होती हात, हात करत!"

सारी गल्ली दारात. उमेरा माझा पदर ओढून राह्यली, "अम्मी, चल ना घरी, चल."

ड्रम दूर नेऊन नालीत ओतला. रडली मी. हो, रडली!

१८ नोव्हेंबर

दुकानात नागपूरचा फोन आला. नाई म्हणाले.

हे आले, चप्पल काढली, खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले. मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला. लोक काय म्हणतील ते मले माहीत आहे — सईदाच्या ड्रमानं पोरीचा रिश्ता मोडला. खरंच तर आहे. काय गरज होती मले मिरवायची? हातात काही नाई माझ्या. एवढे दिवस नशीब होतं, बस.

ड्रम पालथा घातला. भंगारवाला आला की देऊन टाकीन. वांगी पिवळी पडली तर पडू दे.

उमेराले जवळ घेतलं, समजावलं, होईल दुसरीकडं. ती जेवून राह्यली होती. चांगली पोटभर! आजकालच्या पोरींचं काही समजत नाई.

२१ नोव्हेंबर, रविवार

भंगारवाल्यानं ड्रम गाडीवर चढवला होता. उमेरा धावत आली, खाली उतरवून घेतला. मग मले मोरीजवळ नेलं आणि रडत सांगतलं, "अम्मी, तुझा काढा नाई बिघडला. मी बिघडवला. शुक्रवारपासून काठी नाई लावली. गुळाचा सारा खडा टाकला, धुण्याचं पाणी ओतलं, झाकण गच्च बसवलं. मले त्या घरी नाई जायचं होतं. तुमी मले विचारलंच नाई."

मारायले हात उचलला. तसाच राह्यला. खरंच, नाई विचारलं आम्ही. मग म्हटलं, काढा घातला त्या गुरुवारपासूनच काऊन नाई? म्हणते, "तुले एक दिवस आधी वास आला असता ना." इतका नेमका अंदाज! इतका तर मले पण नाई येत.

काय सांगू कसं झालं! माझ्या हातचं बिघडलं नव्हतं! छाती अशी भरून आली, आणि हे कोणाले सांगायची सोय नाई.

यांना सांगतलं, पोरीले विचारल्याशिवाय आता कोणाले घरी बोलवायचं नाई. मग बायनाबाईच्या दारात गेली. बाया सगळ्या बाहेरच होत्या. साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं — बाई, तुमच्या गाईचं काही चुकलं नाई. माझ्याच हातानं बिघडलं.