गाडीच्या नाकाबाबत माझी शेवटची इच्छा

कागद लिहून ठेवतो, कारण की:

मी, हेमकांत गिरधर पाटील, वय सत्तावन्न, व्यवसाय शिक्षक (संस्कृत), राहणार ब्राह्मणपुरी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, आज रविवारी सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर राहून आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र करतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. सौ. शोभाबाई म्हसावदला बहिणीकडे गेल्या आहेत, त्यामुळे हे विधान आज तरी शब्दशः खरे आहे.

निमित्त एवढेच की, पुढच्या आठवड्यात माझ्या पित्ताशयातले खडे काढायचे आहेत. डॉक्टर म्हणतात, काम किरकोळ आहे. किरकोळ हा शब्द ते माझ्या पोटाविषयी वापरतात, स्वतःच्या नव्हे, म्हणून हा कागद. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही; केले होते असे कोणी म्हटल्यास ते आमच्या शाळेतले दिनेश सर असतील, आणि त्यावर विश्वास ठेवू नये.

कलम एक. राहते घर अंगणासह माझी पत्नी शोभाबाई हिला. घरातली भांडी, कपाटे आणि शेवटचा शब्द पूर्वीपासून तिच्याच मालकीचे आहेत, ते मी देऊ शकत नाही.

कलम दोन. शिवारातली तीन एकर जमीन, जिच्यात सध्या पपई उभी आहे, तीही शोभाबाईला, आणि तिच्या पश्चात कन्या काजल हिला. बँकेतली शिल्लक दोघींनी भांडण न करता वाटून घ्यावी. भांडण करण्याइतकी ती नाही.

कलम तीन. संस्कृतची पुस्तके शाळेला. मोठा शब्दकोश मात्र अशा विद्यार्थ्याला द्यावा, जो हा विषय गुणांसाठी घेत नाही. असा विद्यार्थी न मिळाल्यास कोश कपाटातच राहू द्यावा. त्याला वाट पाहण्याची सवय आहे.

कलम चार. आता गाडी. खरे सांगायचे तर वरची तीन कलमे लिहिली ती इथवर पोचण्यासाठीच.

माझी काजल खांडबाऱ्याकडे गुरांची डॉक्टर आहे. तिकडच्या पट्ट्यात पाऊस आमच्या दुपटीच्या घरात पडतो, आणि पाड्यांवर जाताना वाटेत फरशी लागते, म्हणजे कठडा नसलेला नाल्यावरचा बुटका पूल. सध्या ती स्कूटीवर फिरते. जूनपासून तिला गाडी लागणार. गाडी माझ्या अंगणात उभी आहे. तिचे नाक कोणते असावे यावर बापलेकीचे एकमत होत नाही, आणि होईपर्यंत मी चावी सोडलेली नाही. वाद एवढाच, पण तो नऊ महिने चालला आहे.

नाक म्हणजे काय, तेही लिहून ठेवतो. इंजिनाला डिझेलइतकीच हवाही गरजेची असते. ती ज्या वाटेने आत जाते तिला मिस्त्री लोक इनटेक म्हणतात. कंपनी गाडीला एक नाक देऊनच पाठवते: बंद डबा, त्यात कागदी फिल्टर, तोंड उंचावर. शहाणा माणूस तिथे हात लावत नाही. मी लावला.

दोन वर्षांपूर्वी दिनेश सरांनी (विषय गणित, तरी सल्ला सगळ्याचा) मला सांगितले की, उघडा फिल्टर बसवला तर गाडीला दम येतो. उघडा फिल्टर म्हणजे लाल कापडाचा एक शंकू. तो डब्यात नसतो, बंपरच्या मागे खाली बसवतात, कारण खाली हवा थंड मिळते. त्याने गाडीचा आवाज भारदस्त होतो, एवढे मात्र खरे. माझ्यासारख्या, आयुष्यभर सुस्पष्ट उच्चारांवर जगलेल्या माणसाला त्या आवाजाची भुरळ पडली, हे मी कबूल करतो.

मी शहाद्याला श्रेणिककडे गेलो. श्रेणिक गौतमचंद जैन याचे स्पेअर पार्टचे दुकान आहे आणि तो माझा तीस वर्षांचा मित्र. त्याने शंकू हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "सर, हाई तुमना कामनं नही. हाऊ फिल्टर कोरडा मुलुखना." मी त्याला प्राणवायूवर एक छोटे व्याख्यान दिले. त्याने ते शेवटपर्यंत ऐकले, पण फिल्टर विकायला नकार दिला. स्वतःचा माल न विकणारा व्यापारी मी प्रथमच पाहिला. मला राग आला आणि मी तोच शंकू मोबाईलवरून मागवला.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये काजल माझी गाडी घेऊन गेली होती. खांडबाऱ्याच्या पलीकडे गजराबाई म्हणून एक बाई आहेत, त्यांची गाय अडली होती. फरशीवर वीतभर पाणी. बैलगाड्या जात होत्या, मोटरसायकली जात होत्या. काजलने गाडी घातली. चाकांनी उडवलेले पाणी बंपरच्या मागे बसलेल्या माझ्या भारदस्त शंकूने एका दमात ओढले आणि गाडी फरशीच्या बरोबर मध्यावर बंद पडली. वर कुठेतरी जोराचा पाऊस चालू होता. पाणी वीतभराचे गुडघाभर झाले. काजल खिडकीतून बाहेर निघाली, औषधांची पेटी डोक्यावर घेतली आणि चालत पलीकडे गेली. वासरू व्यवस्थित झाले. गजराबाईंनी बैल जुंपून गाडी ओढली, त्यात त्यांचा नवा दोर तुटला. म्हणून याच कलमान्वये माझ्याकडचा वीस हात लांब नायलॉनचा दोर त्यांना देतो. त्यांनी तो बैलांसाठी वापरावा, माझ्या गाडीसाठी त्याची पुन्हा गरज पडू नये.

मला हे सगळे संध्याकाळी फोनवर कळले. ती हसत हसत सांगत होती. मी मात्र तीनदा विचारले, पाणी कुठवर आले होते.

गाडी भीमसिंगच्या गॅरेजला आणली. भीमसिंगने इंजिन उघडले, आतला वाकलेला लोखंडी दांडा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सर, गाडीनी पाणी पी टाकं. हवा दबस, पाणी दबत नही. मंग रॉडलेच वाकनं पडनं." तीस वर्षे शिकवूनही मला एवढे नेमके वाक्य सुचलेले नाही.

यानंतर मी काय केले? मी श्रेणिकशी बोलणे सोडले. माझा आरोप असा होता की, त्याने मला मनापासून अडवले नाही. हा आरोप मी नऊ महिने जपला. तो शाबूत ठेवायला मला बरेच कष्ट पडले, कारण घरात कोणीच मदत केली नाही.

दुसरे, मी दुसऱ्या टोकाला गेलो. भीमसिंगकडून कंपनीचा डबा परत बसवून त्याला छतापर्यंत उंच काळे नळकांडे जोडून घेतले. स्नॉर्कल म्हणतात त्याला. मडगार्डला भोक पाडून ते बाहेर काढतात आणि काचेच्या कडेने वर नेतात. हत्ती सोंड वर करून नदी ओलांडतो तशी गाडी ओलांडेल, असे मी सर्वांना सांगितले. दसऱ्याला गाडीची पूजा केली. कोणत्याही नव्या वस्तूचे मस्तक आधी, हा क्रम मला लहानपणापासून पाठ. तेव्हा स्टुलावर चढलो, मंत्र म्हटला आणि तांब्याभर पाणी स्नॉर्कलच्या माथ्यावर सोडले. तिथे माथा नव्हता. तोंड होते. पाणी गडगडत आत गेले. मंत्र पूर्ण होईपर्यंत मी थांबलोही नाही, कारण मंत्र मध्ये सोडू नये.

शोभाबाई ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, "नालानं पाणी तथलोंग जात नव्हतं, म्हनीसन तुम्हीन लोटाघाई पोचाडं." म्हणजे नाल्याला जमले नाही ते मी तांब्याने केले. काजल अंगणात खाली बसून हसत राहिली. सुदैवाने गाडी चालू केलेली नव्हती. भीमसिंग आला, डबा उघडला, आत कागदी फिल्टरचा भिजलेल्या पापडासारखा लगदा झाला होता. त्याने पूजेची दक्षिणा घेतली नाही, हे येथे नमूद करतो.

असो. लाल शंकू दिनेश सरांना देतो. त्यांनी तो नरसाळे म्हणून वापरावा. वाकलेला दांडा शाळेच्या विज्ञानाच्या खोलीस.

आणि गाडी काजलला देतो, या अटीवर की छतापर्यंतचे नाक तिने कधीही काढू नये. काढल्यास गाडीही दिनेश सरांकडे जाईल. ही धमकी समजावी.

येथवर सकाळी लिहून झाले. दुपारी काजल आली. मी कागद टेबलावरच ठेवला होता, कारण तिने तो वाचावा अशी माझी इच्छा होती आणि तसे म्हणायची इच्छा नव्हती. तिने उभ्यानेच वाचला. दसऱ्याच्या ओळींवर हसली, कलमाच्या शेवटी हसली नाही.

तिचे म्हणणे मी शक्य तितक्या निःपक्षपातीपणे नोंदवतो. स्नॉर्कल वाईट नाही, पण पाड्यांच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी फांद्या येतात, त्यात ते अडकते. शिवाय ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा झाकते, वळणावर समोरून येणारी शेळी दिसत नाही. लाल शंकूसारखा तेल लावलेला, धुऊन वापरायचा फिल्टर तिला नको, कारण पावसाळ्यात तो धुतला की दोन दिवस वाळत नाही, आणि तेल जास्त झाले की पुढचा हवा मोजणारा सेन्सर खराब होतो. तिला कंपनीचाच बंद डबा हवा आहे: कोरडा फिल्टर, तोंड बॉनेटखाली जितके उंच नेता येईल तितके, सगळे जोड घट्ट, डब्याच्या तळाची पाणी निघायची झडप साफ. आणि फरशीवर वीतभर पाणी असले तरी गाडी घालायचीच नाही, अलीकडे थांबायचे. गेल्या वर्षी तिथेच चूक झाली, असे ती स्वतःहून म्हणाली. मी ते म्हटले नव्हते.

मी म्हटले, तुला जे सुरक्षित तेच मी लिहिले आहे. त्यावर ती म्हणाली, "पप्पा, मला ती तुम्ही गेल्यावर नको. मला ती जूनमध्ये हवी आहे."

मृत्युपत्र या लेखनप्रकारातला एवढा मोठा दोष माझ्या लक्षात आला नव्हता. मी तिला पाण्यातून वाचवण्याची जी तजवीज केली होती ती माझ्या मरणानंतर लागू होणार होती. तोवरचे सगळे पावसाळे ती स्कूटीवर काढणार होती.

मी लगेच हार मानली नाही. हा कागद घेऊन दोघे गाडीनेच शहाद्याला निघालो. मला तज्ज्ञाचे मत हवे होते, आणि साक्षीदारही. रविवार असूनही श्रेणिकच्या दुकानाचे एक शटर अर्धे वर होते. मी वाकून आत गेलो. नऊ महिन्यांनी त्याच्या दुकानात जाताना वाकावेच लागले, याची नोंद घेतली. त्याने खुर्ची पुढे केली आणि चहा सांगितला, मधले नऊ महिने त्याच्या हिशेबी झालेच नव्हते जणू. मी त्याला दोन्ही नाकांची बाजू समजावली. त्याने विचारले, "गाडी कोन चालाडस?"

मी म्हटले, काजल.

"मंग तिले इचारा ना. मन्हाकडे काब्र उनात?" माझ्याकडे कशाला आलात, असा त्याचा सवाल.

मी त्याला म्हणालो, श्रेणिक, तू तेव्हा अडवले होतेस. तो म्हणाला की, मोबाईलवरून मागवणाऱ्याला दुकानदार किती अडवणार. मग चहा आला.

भीमसिंगला तिथेच बोलावून घेतले. त्याने तासाभरात स्नॉर्कल उतरवले, मडगार्डच्या भोकाला रबरी बूच मारून सील केले, कंपनीचा डबा साफ करून पुन्हा बसवला आणि तोंडाला उंच नळी जोडली. प्रत्येक जोड काजलने स्वतः हाताने ओढून पाहिला. एक क्लिप तिने दोनदा घट्ट करायला लावली. मी तिथे उभा होतो आणि काहीही बोललो नाही, याला दोन साक्षीदार आहेत.

सबब कलम चारमधील गाडीविषयीचा मजकूर, अटीसह आणि धमकीसह, मी रेघ मारून रद्द करत आहे. गाडी आता माझ्या मालमत्तेत नाही. चावी आज दुपारी साडेचार वाजता काजलच्या हातात दिली आहे, जिवंतपणी आणि विनाअट. दोर, शंकू व दांडा यांच्या देणग्या कायम. कागद पुन्हा नीट लिहायला हवा होता, पण फेरलेखनात मला आणखी सुचत जाईल, म्हणून तसाच ठेवतो.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे सांगतात. म्हणून श्रेणिक व भीमसिंग यांना मी काहीही देत नाही. श्रेणिकची माफी मागितली आहे, ती याच्या बाहेर धरावी.

हे सारे मी राजीखुशीने केले.

सही: हेमकांत गिरधर पाटील

साक्षीदार:

१. भीमसिंग पावरा, गॅरेज, शहादा. मजकूर वाचून दाखवला, ऐकला, बरोबर आहे.

२. श्रेणिक गौतमचंद जैन, शहादा. सही करताना आणि कलम चारवर रेघ मारताना सर पूर्ण शुद्धीवर होते. बोलतही होते.

ठिकाण: शहादा
दिनांक: २५ मे २०२५